ट्रफल विकत घेण्यापासून ताटात पडेपर्यंत: कुठलं घ्यायचं, कसं ठेवायचं, कशात घालायचं

ट्रफल फ्राइज, ट्रफल पिझ्झा, ट्रफल नान... हल्ली मुंबई-पुण्यातला कुठलाही बऱ्यापैकी कॅफे घ्या, मेनूत एक तरी ट्रफलवाला आयटम असतोच, आणि तो खाऊन बऱ्याच जणांचं मत झालेलं असतं की हा गॅस लीक झाल्यासारखा वास येणारा प्रकार आहे आणि उगाच महाग आहे. त्यांचं फारसं चुकत नाही, कारण त्यांनी जे खाल्लंय ते बहुतेक वेळा ट्रफल नसतंच, वास घातलेलं तेल असतं. त्या तेलाबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. आधी खरी वस्तू बघू, म्हणजे युरोप-ऑस्ट्रेलियात राहणारे किंवा तिकडे फिरायला जाणारे निदान फसणार तरी नाहीत. (आणि हो, बेकरीतलं चॉकलेट ट्रफल वेगळं, त्याचा याच्याशी फक्त दिसण्यापुरता संबंध.)

ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी बुरशी, मशरूमच्या लांबच्या नात्यातली. ओक, हेझलनट अशा झाडांच्या मुळांशी तिची देवाणघेवाण चालते, झाड साखर देतं आणि ही पाणी आणि खनिजं देते. मशरूम जमिनीवर येऊन वाऱ्यावर बीजाणू सोडतं, हिला ती सोय नाही, त्यामुळे कुणीतरी जनावराने उकरून खावं आणि बीजाणू दुसरीकडे नेऊन टाकावेत म्हणून तिने वास हेच हत्यार केलंय. पुढचं सगळं यावरून ठरतं. ट्रफलला चव अशी फार नसते, जे काय आहे ते वासात आहे, आणि तो वास उडून जाणारा आहे. म्हणजे पैसे आपण वासाचे मोजतो, आणि खरेदी, साठवण, स्वयंपाक सगळं तो वास ताटापर्यंत टिकवण्यासाठीच करायचं असतं.

आधी प्रकार ओळखा, नाहीतर भलत्याच वस्तूचे पैसे द्याल

सगळ्यात महाग पांढरं ट्रफल, ट्युबर मॅग्नाटम. इटलीतल्या पीडमाँट भागातलं आल्बा हे गाव यासाठी प्रसिद्ध, पण मध्य इटलीत आक्वालान्याकडे आणि क्रोएशियाच्या इस्त्रियातही ते निघतं. बाहेरून गुळगुळीत, फिकट पिवळसर, कधी हिरवट झाक, आत बदामी रंग आणि त्यात पांढऱ्या शिरांचं जाळं. वास एकदम जोरदार, लसूण, मध, वाळलेलं गवत, जुनं चीज असं सगळं एकत्र. याची शेती करायचा प्रयत्न लोक कित्येक वर्षं करतायत, २०२१ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी बागेत लावलेल्या झाडांखाली ते आल्याचं जाहीर केलं, पण बाजारात येतं ते अजूनही बहुतेक जंगलातलंच, म्हणून तो भाव.

दुसरं काळं हिवाळी ट्रफल, ट्युबर मेलानोस्पोरम, ज्याला पेरिगोर म्हणतात. नाव फ्रान्समधल्या प्रदेशाचं असलं तरी आज स्पेनमधला तेरुएल जिल्हा, विशेषतः सारियोनच्या आसपासचा भाग, याचं मोठं आगर आहे. साल काळी, बारीक टोकेरी उंचवट्यांची, आत जांभळट काळा गर आणि केसासारख्या बारीक पांढऱ्या शिरा. वास पांढऱ्यापेक्षा शांत, ओली माती, कोको, भाजलेला सुका मेवा अशा वळणाचा. याची शेती होते आणि फार पूर्वीपासून होते, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झोझेफ तालों नावाच्या फ्रेंच शेतकऱ्याने ट्रफल देणाऱ्या ओकखालचे एकोर्न (ओकची फळं) पेरून नवीन झाडं लावली आणि काही वर्षांनी त्यांच्याखालीही ट्रफल निघालं, तिथून हे सुरू झालं.

तिसरं उन्हाळी, ट्युबर एस्टिवम. बाहेरून काळं पण उंचवटे मोठे आणि अणकुचीदार, कापलं की आत चक्क फिकट, क्रीम ते बदामी. वास सौम्य, मशरूमच्या जवळचा. याचंच शरद ऋतूत निघणारं रूप बर्गंडी ट्रफल म्हणून विकतात, पूर्वी ती वेगळी जात मानायचे, आता जनुकीय तपासणीनंतर दोन्ही एकच धरतात, पण बर्गंडीचा गर गडद आणि वास जास्त, त्यामुळे भावही जास्त. पहिल्यांदाच घेणार असाल तर माझं मत विचाराल तर बर्गंडी घ्या, खिशालाही झेपतं आणि ट्रफल म्हणजे काय ते नाकाला कळतं.

बाकीची थोडक्यात. ट्युबर बॉर्की, इटालियनमध्ये बियांकेत्तो, पांढऱ्याचा स्वस्त भाऊ, लहान, लसणाचा वास सरळ अंगावर येणारा. ट्युबर ब्रुमाले हे काळ्याच्या सीझनमध्येच निघतं, आत करडट गर आणि जाड, कमी शिरा, वास कस्तुरीकडे झुकणारा, काहींना आवडतो. आणि मग ट्युबर इंडिकम. १८९२ मध्ये मसुरीकडच्या नमुन्यांवरून याचं वर्णन झालं म्हणून नावात इंडिया, पण व्यापार सगळा चीनच्या युन्नान-सिचुआनमधून चालतो आणि बाजारात त्याला चायनीज ट्रफलच म्हणतात. दिसायला पेरिगोरसारखंच, वास जवळपास नाही. १९९० च्या दशकात ते युरोपात यायला लागलं आणि खऱ्या काळ्यात मिसळून विकण्याचे उद्योगही तेव्हापासून सुरू झाले. खऱ्याबरोबर एका डब्यात ठेवलं की त्याला वास लागतो, घरी आणलं की दोन दिवसांत उतरतो!

सीझन पाठ करा

पांढरं ऑक्टोबर ते डिसेंबर, फार तर जानेवारी. काळं हिवाळी डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत, त्यातही जानेवारी-फेब्रुवारीतलं पूर्ण पिकलेलं, डिसेंबरच्या सुरुवातीचं बऱ्याचदा कच्चं असतं पण ख्रिसमसमुळे सगळ्यात महाग तेव्हाच मिळतं, म्हणजे घाई करणारा दोन्हीकडून मार खातो. बियांकेत्तो जानेवारी ते एप्रिल. उन्हाळी मे ते ऑगस्ट, बर्गंडी सप्टेंबर ते डिसेंबर.

आणि ऑस्ट्रेलिया! तिथे सगळं उलटं, पेरिगोर जातीचंच काळं ट्रफल जून ते ऑगस्टमध्ये निघतं. पहिलं पीक टास्मानियात १९९९ मध्ये आलं आणि आता पश्चिम ऑस्ट्रेलियातलं मांजिमप हे गाव त्यासाठी ओळखलं जातं. पर्थ-मेलबर्नकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ऐन आषाढ-श्रावणात ताजं काळं ट्रफल मिळू शकतं, युरोपातल्यांना तेव्हा फक्त उन्हाळी ट्रफलवर भागवावं लागतं.

कुणी जुलैमध्ये "ताजं पांढरं आल्बा ट्रफल" म्हणून काही विकत असेल तर तिथून निघा.

विकत घेताना

शक्य असेल तर समोर बघून, हातात घेऊन घ्या. फ्रान्समध्ये लालबेंकला हिवाळ्यात दर मंगळवारी बाजार भरतो, लांब बाकांवर टोपल्या मांडून विकणारे दोरीपलीकडे उभे असतात, गिऱ्हाइकं दोरीच्या अलीकडे, आणि शिट्टी झाली की दोरी खाली आणि काही मिनिटांत मोठमोठे सौदे संपतात. रिशरांशला शनिवारी बाजार असतो आणि तिथल्या चर्चमध्ये जानेवारीत एक प्रार्थना होते जिच्या दानाच्या थाळीत लोक पैशांऐवजी ट्रफल टाकतात. नवख्याला सगळ्यात सोयीची मात्र आल्बाची जत्रा, कारण तिथल्या बाजारात माल तपासणारे परीक्षक बसलेले असतात आणि शंका आली तर त्यांना विचारता येतं.

आता हातात घेतल्यावर काय बघायचं. हलकेच दाबून बघा, घट्ट लागलं पाहिजे पण दगडासारखं नको. कुठे मऊ, स्पंजासारखं लागलं की ते आतून सडायला लागलंय. वजन आकाराच्या मानाने जास्त वाटलं पाहिजे, हलकं म्हणजे वाळलेलं किंवा आतून किड्यांनी पोखरलेलं. मग वास, आणि वास घेताना एक एक वेगळं उचलून घ्या, टोपलीत नाक घालू नका, तिथे चार चांगल्यांचा वास दहा वाईटांना लागलेला असतो. अमोनियाचा झणका आला तर नको. काळ्याच्या बाबतीत विकणाऱ्याला एक बारीक चकती कापून आत दाखवायला सांगा, फ्रान्सच्या बाजारात त्यात कुणाला वावगं वाटत नाही, आत जांभळट काळा आणि शिरा बारीक स्पष्ट दिसल्या तर पिकलेलं, आत फिकट असेल आणि विकणारा पेरिगोर म्हणत असेल तर ते एक तर कच्चं आहे किंवा उन्हाळी आहे.

माती लागलेली असली तर हरकत नाही, टिकायला ती बरी असते, पण खोबणींमध्ये चिखल दाबून भरलेला नाही ना ते बघा, कारण मातीही त्याच भावाने जाते. तुटलेले दोन तुकडे काडी टोचून जोडून एक मोठं म्हणून विकण्याचीही पद्धत आहे, मोठ्या अख्ख्या ट्रफलला भाव जास्त म्हणून. आपल्याला घरी खायचंय, शोकेसमध्ये ठेवायचं नाही, तर लहान किंवा तुटलेली घ्या, वास तोच, पैसे कमी.

किती घ्यायचं? माणशी पांढरं ५ ते ८ ग्रॅम, काळं ८ ते १० ग्रॅम, उन्हाळी असेल तर १५ पर्यंत. दोघांसाठी २० ग्रॅमचं एक काळं पुरे. पांढऱ्याचा भाव किलोला हजारो युरो आणि पावसापाण्यावर वर्षागणिक बदलणारा, काळं साधारण त्याच्या पाव ते एक तृतीयांश किमतीत, उन्हाळी त्याहून बरंच खाली. किलोचा आकडा ऐकून घाबरू नका, २० ग्रॅमचा हिशोब करा.

घरी आणल्यावर: घड्याळ सुरू झालंय

जमिनीतून काढल्यावरही ट्रफल जिवंत असतं, श्वास घेतं, पाणी सोडतं, रोज थोडं वजन आणि बराचसा वास कमी होतो. आणल्याबरोबर टिश्यू पेपरमध्ये एक एक वेगळं गुंडाळा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, फ्रीजमध्ये. पेपर रोज बदला, ओला झालेला पेपर तसाच राहिला की बुरशी येते (बुरशीवर बुरशी, पण हो). पांढरं चार-पाच दिवसांत संपवा, काळं आठवडाभर, फार तर दहा दिवस.

तांदळात पुरून ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. नका करू. तांदूळ त्यातलं पाणी ओढून घेतो आणि ट्रफल सुरकुततं. तांदळाला वास लागतो हे खरं, पण तेवढ्यासाठी मूळ वस्तू वाळवायची हा तोट्याचा धंदा. त्यापेक्षा त्याच बरणीत अंडी ठेवा, अख्खी, कवचासकट. कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात आणि आतल्या बलकात फॅट असतं, त्यामुळे दोन दिवसांत वास आत शिरतो. ट्रफलला हातही न लावता निम्मं काम झालेलं असतं. बिनमिठाच्या बटरची उघडी वडी ठेवली तरी तेच.

साफ करायचं ते वापरायच्या अगदी आधी. मऊ टूथब्रश घ्या, पांढरं फक्त कोरड्या किंवा किंचित ओल्या ब्रशने, काळं मात्र नळाखाली पटकन घासून लगेच पुसलं तरी चालतं. साल काढायची नाही, अपवाद उन्हाळी, त्याची साल कधीकधी दाताखाली कचकच येते.

आता स्वयंपाक

आपल्याला समजायला सोपं म्हणजे हिंग आठवा. दोघांचाही वास गंधकाच्या संयुगांचा, दोन्ही थोडेसेच लागतात आणि दोघांनाही स्निग्ध पदार्थ धरून ठेवतो. फरक एवढाच की हिंग तापलेल्या तेलात खुलतो आणि ट्रफल तिथे मरतं. पांढरं तर गॅसजवळ न्यायचंच नाही, ताटात वाढलेल्या गरम पदार्थावर वरून किसायचं, वाफेने जेवढं तापेल तेवढं बास. काळ्याला हलकी ऊब मानवते, कोमट बटरमध्ये ते चांगलं फुलतं, पण परतणं, तळणं, उकळणं नाही. उन्हाळीही तसंच, मंद आचेवर.

आणि सोबत काय नको ते आधी सांगतो: कांदा-लसूण, मिरची, गरम मसाला, लिंबू, टोमॅटो, कोथिंबीर. गोडा मसाल्याच्या आमटीत ट्रफल म्हणजे पैसे पाण्यात. सोबत बटर, क्रीम, अंडं, बटाटा, भात, पास्ता, सौम्य चीज. साजूक तुपाचा मोह होतो, पण कढवलेल्या तुपाला स्वतःचा वास भरपूर, इथे बिनमिठाचं पांढरं लोणी जास्त चांगलं.

पहिल्यांदा करताना अंडीच करा. बरणीत ठेवलेली चार अंडी दोघांसाठी, चिमूटभर मीठ घालून हलकी फेटा, जास्त फेस नको. काळ्या ट्रफलमधलं निम्मं बारीक किसणीवर किसून त्यातच घाला आणि १५-२० मिनिटं तसंच राहू द्या. जाड बुडाच्या भांड्यात ३० ग्रॅम बटर अगदी मंद गॅसवर वितळवा, चर्र आवाज यायला नको, आवाज आला म्हणजे जास्त तापलंय. अंडं ओता आणि लाकडी उलथन्याने सतत, न कंटाळता, बुडापासून हलवत राहा. पाचेक मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि मग अचानक कडेने बारीक दाणे धरायला लागतात, तिथून लक्ष हलवायचं नाही, घट्ट होतंय वाटलं की भांडं उचलून हवेत धरा, परत ठेवा. आपल्या भुर्जीच्या बरंच अलीकडे थांबायचं, पळीवाढं असतानाच गॅस बंद, एक चमचा क्रीम घाला म्हणजे शिजणं थांबतं. गरम ताटलीत वाढा आणि उरलेलं ट्रफल वरून पातळ चकत्या करून टाका. चकत्यांसाठी खास ट्रफल स्लायसर मिळतो, नसेल तर बटाट्याच्या वेफर्सची किसणी सगळ्यात पातळवर लावा, हात सांभाळून. मिनिटभर थांबा. वाफ वर येते आणि वास पूर्ण खोलीत.

पांढऱ्यासाठी पीडमाँटमध्ये ठरलेली जोडी म्हणजे ताजारिन, भरपूर बलक घालून केलेल्या शेवयांसारख्या बारीक नूडल्स. घरी कुठलाही अंड्याचा पातळ पास्ता घ्या, माणशी २५ ग्रॅम बटर आणि पळीभर पास्ताचं पाणी एकत्र हलवून दाटसर करा, पास्ता त्यात घोळवा, थोडं पार्मेजान चीज, आणि ताट टेबलावर आल्यावर वरून पांढरं किसा. एवढंच. पदार्थात जितकं कमी तितकं ट्रफल जास्त लागतं.

अंडं न खाणाऱ्यांनी बटाटा घ्या. उकडून गरम असतानाच चाळणीतून काढायचा, भरपूर बटर आणि गरम दूध घालून मऊ करायचा, वर काळं किसायचं. रिसोटोही (इटालियन मऊ भात) छान होतो. पार्मेजानमध्ये मात्र जनावराचं रेनेट (दूध गोठवायला वासराच्या पोटातून काढतात ते) असतं, कडक शाकाहारी असाल तर व्हेज रेनेटवालं हार्ड चीज बघा. आणि एक देशी प्रयोग जो मला मनापासून पटतो: गुरगुट्या मऊ भात, मीठ, लोण्याचा गोळा, वर काळं ट्रफल. वरण घालू नका, हिंग-हळद आडवी येते.

तेल, मीठ, बाटलीबंद प्रकार

पांढऱ्या ट्रफलच्या वासातला मुख्य घटक २,४-डायथायापेंटेन, आणि तो कारखान्यात सहज तयार होतो. बाजारातलं बहुतेक ट्रफल ऑइल म्हणजे साधं तेल अधिक हाच एक घटक. खऱ्या ट्रफलमध्ये डझनावारी घटक असतात आणि ते सतत बदलत असतात, तेलात एकच सूर मोठ्याने वाजतो, म्हणून तो गॅससारखा वाटतो आणि दोन तास ढेकर येत राहतात. बाटलीत दिसणारा काळा तुकडा बहुतेक वेळा उन्हाळी ट्रफलचा, शोभेपुरता. लेबलवर घटकांच्या यादीत "अरोमा" किंवा "फ्लेवरिंग" शब्द दिसला की समजून जा. आवडत असेल तर खुशाल वापरा, फ्राइजवर दोन थेंब, शेवटी, पण ते ट्रफल म्हणून खपवू नका. डबाबंद घ्यायचंच असेल तर यादीत जातीचं पूर्ण नाव आणि टक्केवारी दोन्ही बघा, १ टक्क्याच्या "ट्रफल सॉस"मध्ये बाकीचं बहुतेक साधं मशरूम असतं.

घरी ट्रफलचे तुकडे तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवणं मात्र अजिबात नको. मातीतली वस्तू, हवाबंद तेल आणि खोलीचं तापमान म्हणजे बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जीवाणूला आयतं घर, लसणाच्या तेलाला जो धोका तोच इथे.

आखाती देशात राहणाऱ्यांसाठी

दुबई, कुवेत, सौदीत असाल तर तुमच्याकडे वेगळीच चीज आहे, वाळवंटातलं ट्रफल, टेरफेझिया आणि तिरमानिया या जातींचं, अरबीत कमा किंवा फगा. हिवाळी पाऊस चांगला झाला की साधारण जानेवारी ते मार्च बाजारात ढीग लागतात. वास अगदी मंद, युरोपच्या ट्रफलची अपेक्षा ठेवून घेतलं तर निराश व्हाल, पण भाजी म्हणून उत्तम, आणि इथे वरचे सगळे नियम उलटे. पाण्यात भिजवा, चार-पाच पाण्यांनी धुवा कारण वाळू खाचाखाचांत असते, साल काढा, फोडी करून मिठाच्या पाण्यात शिजवा आणि मग तुपात परता, कांदा घाला, मसाला घाला, भातात घाला, सगळं चालतं.

झारखंडचा रुगडा किंवा बस्तरचा बोडा, म्हणजे पावसाळ्यात साल वृक्षांच्या जंगलात मिळणाऱ्या त्या गोल गोळ्या, त्यांनाही लोक देशी ट्रफल म्हणतात. जात वेगळी, वास वेगळा, पण रस्सा झकास होतो, तो मसालेदारच करायचा.

उरलं तर

उरलेले तुकडे किसून, काळं किंवा उन्हाळी असेल तर, १०० ग्रॅम मऊ बिनमिठाच्या बटरला १० ग्रॅम या हिशोबाने कालवा, चिमूटभर मीठ, बटर पेपरमध्ये गुंडाळून वळकटी करा. एक रात्र फ्रीजमध्ये मुरू द्या. आठवड्याभरात संपणार असेल तर फ्रीज, नाहीतर चकत्या कापून फ्रीजरला, तिथे दोनेक महिने बरं राहतं आणि लागेल तशी एक चकती गरम बटाट्यावर किंवा टोस्टवर टाकता येते. पांढऱ्याचं हे करू नका, पांढरं उरलं असेल तर आज रात्रीच परत पास्ता.